चांदी, चिंच आणि तांब्याचा बारावा भाग

चांदी काळी पडली की घरातली आजी चिंचेचा गोळा पुढे करते आणि रसायनशास्त्र शिकलेली नात सांगते, चिंचेने चांदीचा काळेपणा जात नाही. माझ्या मते दोघींचेही बरोबर आहे. दोघींच्या बोलण्यातली चांदी मात्र एकच नाही. घरकामाच्या सवयींचा इतिहास दप्तरांत फारसा सापडत नाही, तो वस्तूंच्या घडणीत शोधावा लागतो. त्यासाठी अणशी हे गाव चांगले आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले हे घाटावरचे गाव. खाली कद्र्यावरून कारवारचा किनारा, पश्चिमेला गोवा, भोवती काळी नदीच्या खोऱ्यातले रान. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता आणि तालुक्याला सूपा म्हणत. अशा ठिकाणी चांदी उजळायला जे लागे ते रानातून, शेतातून किंवा चुलीतून येई, आणि म्हणूनच कोणत्या वस्तूने नेमके काय साधत होते हे इथे स्वच्छ दिसते.

आधी काळेपणाचे पाहू. चांदी लोखंडासारखी गंजत नाही. गंधकयुक्त वायूशी तिची गाठ पडली की अंगावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी निळसर काळा. दमट हवेत हे लवकर होते, आणि सह्याद्रीच्या या कुशीत पावसाळाभर हवा ओलीच असते. त्यात भाताची शेती. पाणी तुंबलेल्या खाचरात पालापाचोळा कुजतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्या चिखलात तयार होतो. लावणी करणाऱ्या बाईच्या पायातले जोडवे जवळून पाहावे. बाहेरची कड चिखलमातीच्या घासण्याने लखलखीत असते आणि वेढ्यांच्या खाचेत काळी रेघ बसलेली असते. रोजचा वापर हीच चांदीची पहिली सफाई.

आता चिंचेकडे येऊ. चिंचेतले टार्टारिक आम्ल सिल्व्हर सल्फाइडला विरघळवत नाही. नातीचे म्हणणे खरे. पण आजीच्या आजीची चांदी शुद्ध नव्हती. 1835 पासून कंपनी सरकारचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता. त्यात अकरा भाग चांदी आणि बारावा भाग तांबे. गोव्यात पोर्तुगिजांनी 1881 मध्ये पाडलेला रुपयाही त्याच कसाचा होता. रुपया हेच सोनाराचे वजन आणि रुपया हीच गिऱ्हाइकाची खात्रीची चांदी; नाणी मोजून द्यावीत आणि वाळे-तोडे घडवून घ्यावेत, हा व्यवहार सोपा होता. अशा दागिन्यावर चांदीच्या काळेपणाबरोबर तांब्याचे तपकिरी-हिरवट किटणही चढते, आणि ते चिंचेच्या किंवा भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, आंबटाने सुटते. आजीने डोळ्यांनी पाहिलेला उजाळा खराच होता.

यावर कोणी म्हणेल, 1893 मध्ये टाकसाळी खासगी चांदीला बंद झाल्यावर रुपयाची दर्शनी किंमत त्यातल्या धातूपेक्षा वर गेली, मग नाणे आटवणे तोट्याचे ठरले. मुद्दा रास्त आहे. 1940 मध्ये तर रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये ती पार गेली. पण शुद्ध चांदी मऊ असते. जोडव्याला, साखळीला ताठपणा यावा म्हणून सोनार तांबे मिसळतोच, आणि सांधायच्या डाखात तर हीण जास्तच असते. बाजारातली लगड आली तरी तांबे दागिन्यातून गेले नाही, म्हणून चिंचही घरातून गेली नाही.

राखेचा विचार मात्र वेगळा करायला हवा. लाकडाची राख मऊ आणि क्षारयुक्त. ती तेलकटपणा काढते. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीची. पितळेच्या घागरीला ती चालते, चांदीवर मात्र ओरखडे काढते. रानातला रिठा सर्वांत सौम्य. त्याचा फेस मळ आणि घाम सोडवतो, धातूला हात लावत नाही. हा भेद जुनाच आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, पितळ, कांसे यांना क्षार आणि आम्ल सांगितले आहे, तर नक्षी नसलेल्या चांदीला नुसते पाणी पुरे म्हटले आहे. त्या ग्रंथाच्या आचारधर्माचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी धातूधातूंतला फरक तेव्हाही कळत होता एवढे यातून सिद्ध होते.

आज ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि कढत पाणी हा उपाय सर्वांत शास्त्रशुद्ध म्हणून सांगतात. त्यात तथ्य आहे. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेते आणि थरातली चांदी जागेवर परत बसते. घासताना तसे होत नाही. काळ्या थरात चांदीच अडकलेली असते, आणि फडक्यावर उतरणारी काळी रेघ ही आपण गमावलेली चांदी असते. सोनाराच्या दुकानातली राख-माती धुऊन त्यातले कण वेचणारे झारेकरी पिढ्यान् पिढ्या त्यावर पोट भरत आले. मोरीतून वाहून गेलेली चांदी वेचायला मात्र कोणी झारेकरी नसतो. तरीही हा नवा उपाय सरसकट करू नये. देवाच्या मुखवट्यावरचे डोळे-भुवया खाचेतल्या काळेपणामुळेच उठून दिसतात. सोड्याच्या पाण्यात बुडवले की ती सावली जाते आणि चेहरा सपाट, निस्तेज होतो. खडे किंवा लाख भरलेल्या दागिन्याला तर कढत पाणी नकोच.

म्हणून आजीची चिंच टाकून देऊ नये, ती तिच्या जागी ठेवावी. तांब्याच्या कळशीला, जुन्या हिणकस वाळ्याला चिंच. रोजच्या चांदीला रिठ्याचे कोमट पाणी आणि धुवट धोतराचा मऊ फडका. आणि खाचेतली काळी रेघ तशीच राहू द्यावी. ती रेघ मळाची नाही. घडवणाऱ्या सोनाराचा हात तिच्यामुळेच दिसतो, आणि जोडव्यातली तेवढी चांदी पुढच्या पिढीला जशीच्या तशी मिळते.