जंजिरा किती अजिंक्य?

मुरुडला ‘अजिंक्य जंजिरा’ हे शब्द होडीवाल्यापासून फलकापर्यंत सगळीकडे भेटतात. ही कीर्ती किती खरी?

‘जजीरा’ हा अरबी शब्द, अर्थ बेट. तट भक्कम, आत गोड्या पाण्याची तळी, बुरुजावर कलालबांगडी तोफ. सिद्दींकडून हा किल्ला लढून कुणी घेतला नाही, हेही खरेच. पण श्रेय एकट्या दगडांचे नाही. 1682 मध्ये संभाजीराजांनी समुद्रात सेतू बांधायला घेतला. मोगल फौज कोकणात उतरली आणि त्यांना परतावे लागले. 1733 मध्ये बाजीरावांच्या मोहिमेत इंग्रजांनी सिद्दींना मदत केली. तरी त्याच वर्षी रायगड हातचा गेला. 1736 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात पडला. बेट राहिले, मुलूख मात्र आटला.

म्हणून मुलांना ‘आमचा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही’ एवढेच सांगू नका. त्यांना हबशी दर्यावर्दींचे आरमार सांगा, सिद्दींच्या आधी याच बेटावर असलेला कोळ्यांचा मेढेकोट सांगा. बढाईपेक्षा हा वारसा मोठा आहे, आणि तो सगळ्या किनाऱ्याचा आहे.