शिखराची वाट

इतिहास म्हणजे केवळ राजांच्या स्वाऱ्या नव्हेत. पोटासाठी गावोगाव हिंडणाऱ्या कलावंतांची पायपीटही आम्ही इतिहासच मानतो. ऑस्ट्रेलियातील एसी-डीसी या रॉक वाद्यवृंदाने डिसेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेले 'इट्स अ लाँग वे टू द टॉप' हे गीत त्या इतिहासाचा अस्सल कागद होय. दौऱ्यातील मारहाण, चोरी, फसवणूक आणि तुटपुंजी बिदागी यांची ती रोजकीर्दच आहे.

गायक बॉन स्कॉट आणि अँगस व माल्कम हे यंग बंधू बालपणीच स्कॉटलंड सोडून आलेले. गिटारींच्या कल्लोळात मायभूमीची बॅगपाइप घुमते, ती स्कॉटनेच वाजविलेली. २३ फेब्रुवारी १९७६ रोजी मेलबर्नच्या स्वान्स्टन रस्त्यावर, उघड्या मालमोटारीवर उभे राहून त्यांनी या गीताचे चित्रण केले.

पुढे १९७९ च्या 'हायवे टू हेल' या ध्वनिमुद्रिकेने अमेरिकेत यश दिले. शिखर दिसू लागले, आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी स्कॉट लंडनमध्ये वारला; वय अवघे ३३. मेलबर्नने २००४ मध्ये एका गल्लीला वृंदाचे नाव दिले.

नगरे मान देतात तो उशिरा. वाटेवरचा हिशेब कलावंतालाच लिहून ठेवावा लागतो. तो वाचल्यावाचून कीर्तीचा इतिहास पुरा होतो, असे आम्हांस वाटत नाही.