टॉरेंट वेगवान का? एका उत्तराची सात वर्षं

टॉरेंटवरून फाइल लवकर का उतरते, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "एकाऐवजी अनेकांकडून येते म्हणून." हे उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. ते कुठे अपुरं पडतं आणि संशोधकांनी ते कसं तपासलं, हे समजून घेणं तुम्हाला पुढे उपयोगी पडेल.

आधी साधा हिशेब करू. नेहमीच्या डाउनलोडमध्ये एक सर्व्हर सगळ्यांना पुरवतो. समजा, त्याची पाठवण्याची क्षमता सेकंदाला १०० मेगाबिट आहे आणि ७०० मेगाबाइटची फाइल एकाच वेळी १००० जणांना हवी आहे. प्रत्येकाच्या वाट्याला आले ०.१ मेगाबिट, म्हणजे साडेपंधरा तास! आता या १००० जणांनी मिळालेले तुकडे १ मेगाबिट वेगाने एकमेकांना दिले तर? एकूण क्षमता ११०० मेगाबिट होते आणि सगळं नीट जुळलं तर काम दीड तासाच्या आत आटोपतं. इथे येणारा प्रत्येक जण मागणीबरोबर थोडा पुरवठाही घेऊन येतो.

पण लोक देतील कशावरून? २००० साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या एतान अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी ग्नुटेला या नेटवर्कची मोजणी केली. जवळपास ७० टक्के लोक काहीच देत नव्हते आणि जवळपास निम्मी उत्तरं वरच्या १ टक्का संगणकांकडून येत होती. म्हणजे अनेक जण जोडलेले असूनही भार मोजक्यांवरच होता.

२००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणलं. त्यात फाइलचे लहान तुकडे होतात आणि जो तुकडा सगळ्यात कमी जणांकडे आहे तो आधी घ्यायचा असतो. वर्गात एकच वही झेरॉक्सला फिरत असेल, तर सगळ्यांनी पहिलंच पान काढून चालत नाही. वहीवाला घरी गेला तर शेवटचं पान कुणाकडेच नसतं. तसंच हे.

दुसरा नियम देवाणघेवाणीचा. तुमचा प्रोग्राम दर १० सेकंदांनी बघतो, मला जास्त वेगाने कोण देतंय? अशा मोजक्यांनाच तो परत देतो. शिवाय दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्या माणसालाही संधी देतो, कारण नवख्याकडे द्यायला सुरुवातीला काहीच नसतं. २००३ च्या निबंधात कोहेन यांनी शीर्षकातच दावा केला की, या प्रोत्साहनामुळेच बिटटोरेंट भक्कम होतं. त्याच वर्षी रेड हॅट ९ ही लिनक्स प्रणाली अशीच वाटली गेली. पाच महिन्यांच्या नोंदींत सुमारे १ लाख ८० हजार जण दिसले, त्यातले ५० हजारांहून जास्त पहिल्या पाच दिवसांतच. ऐन गर्दीतही व्यवस्था टिकली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण २००७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मायकेल पियाटेक आणि सहकाऱ्यांनी कोहेन यांचं शीर्षक घेतलं आणि त्याचा प्रश्न केला: प्रोत्साहनामुळे खरंच भक्कम होतं का? त्यांनी बिटटायरंट नावाचा स्वार्थी प्रोग्राम लिहिला. समोरचा परत देईल इतपतच, कमीत कमी द्यायचं, ही त्याची रीत. त्याला डाउनलोड बऱ्याच जास्त वेगाने मिळाले! याचा अर्थ असा की, जास्त क्षमतेचे लोक गरजेपेक्षा बरंच जास्त देत होते आणि वेगाचा मोठा भाग त्या औदार्यातून येत होता. उरलेली क्षमता सगळ्यांनीच राखून ठेवली, तर मात्र सगळ्यांचंच नुकसान होतं.

म्हणून 'वेगवान असू शकतं' यातलं 'असू शकतं' महत्त्वाचं. जुन्या फाइलला देणारे दोघेच उरले असतील, तर साधा सर्व्हरच बरा.

आता तुमच्या विषयाकडे वळा. व्यवस्था चालते, ही निरीक्षणाची बाब झाली. ती अमुक कारणामुळे चालते, हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. पियाटेक यांनी नियम तोच ठेवला, फक्त वागणारा बदलला आणि काय होतं ते मोजलं. तुमच्या क्षेत्रातला सगळ्यांना मान्य असलेला एक निबंध काढा, त्याच्या शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह लावा आणि विचारा: हे खोटं ठरलं तर मला नेमकं काय दिसेल? उत्तर एका वाक्यात लिहिता आलं, तर प्रस्तावाची सुरुवात झाली समजा.