रंग शेवटी, पत्रा आधी

वापरून जुनी झालेली स्पोर्ट्‌स कार पुन्हा नव्यासारखी चमकावी, अशी तिच्या मालकाची इच्छा असते. त्यामुळे अशी मोटार दुरुस्तीला काढली की पहिली चर्चा होते ती रंगाची. प्रत्यक्षात रंगकाम हा या दुरुस्तीचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी पत्रा तपासणे, गंजलेला भाग कापून काढणे, नवा पत्रा जोडणे आणि पाणी पुन्हा साचणार नाही याची व्यवस्था करणे ही कामे येतात. ती टाळून चढवलेला रंग मोटारीला देखणी करतो, पण तिचा कमकुवतपणाही झाकतो. छत नसलेल्या मोटारीत हा कमकुवतपणा प्रवाशांच्या जिवावर बेतू शकतो. जपानच्या माझदा कंपनीच्या 'एमएक्स-५' या मोटारीच्या पहिल्या पिढीवरून ही गोष्ट चांगली समजते.

घडीच्या टपाची मोटार

'एमएक्स-५' प्रथम सादर झाली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. अमेरिकेत ती 'मियाटा' या नावाने, तर जपानमध्ये 'युनोस रोडस्टर' या नावाने विकली गेली. दोन आसने, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि हाताने मागे टाकता येणारा घडीचा टप, असे तिचे साधे स्वरूप होते. १९६० च्या दशकातील हलक्या ब्रिटिश मोटारी, विशेषतः १९६२ मधील 'लोटस एलान', ही तिची प्रेरणा. १९९७ पर्यंत पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी मोटार २२ एप्रिल २०१६ रोजी हिरोशिमा येथील कारखान्यातून बाहेर पडली.

ही मोटार सामान्य पगारदारालाही परवडावी, अशा बेताने काढलेली होती. म्हणून ती संग्राहकांच्या गॅरेजमध्ये झाकून राहिली नाही. लोकांनी ती रोज कामावर नेली, पावसात उभी केली, शर्यतींतही पळवली. पहिल्या पिढीतील सर्वांत अलीकडच्या मोटारीनेही आता पाव शतक ओलांडले आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे आयुष्य मोठे असल्याने बहुतेक मोटारींच्या बाबतीत प्रश्न उरतो तो पत्र्याचा.

पाणी मुरते ते कोठे

या मोटारीचा गंज बहुधा एका ठरावीक जागी सुरू होतो. टपावरून वाहणारे पाणी आसनांच्या मागे, दारांच्या पाठीमागच्या कोपऱ्यांत जमते. तेथून ते दोन बाजूंच्या नळ्यांवाटे मागच्या चाकांच्या किंचित पुढे, खाली पडावे अशी योजना आहे. वर्षानुवर्षे पाने, माती आणि टपाचे तंतू साचून या नळ्या तुंबतात. मग पाणी एकतर आत, गालिच्याखाली शिरते किंवा सिलमध्ये मुरते. सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. तिच्यात कोंडलेले पाणी पत्रा आतून खाते. बाहेर रंगाला बारीकसा फोड येतो, तेव्हा आतील थर बहुधा आधीच सडलेला असतो.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. खारे पाणी चाकांबरोबर उडून खालून मारा करते. त्यामुळे मागच्या चाकांवरील कमानी आणि पुढच्या मडगार्डांची खालची टोके या जागाही लवकर जातात. कोरड्या हवामानातील मोटारींना हा त्रास कमी असला, तरी तेथे ऊन रंगाचे नुकसान करते.

बंद मोटारीत छत, खांब आणि तळ मिळून एक पेटी होते आणि भार तिच्यावर वाटला जातो. उघड्या मोटारीत वरची बाजूच नसल्याने हा भार मुख्यतः सिल आणि मधला बोगदा यांना पेलावा लागतो. सिल सडली की मोटार मधोमध लवू लागते, दारे नीट लागत नाहीत. बाजूने धडक बसल्यास प्रवाशाच्या आणि समोरच्या वाहनाच्या मध्ये असतो तो हाच पत्रा.

तपासणी

ताज्या रंगाखाली काय आहे, हे ओळखण्याचा जुना उपाय म्हणजे फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक. पत्र्यावर ते घट्ट बसते. खाली जाड लांबी असेल तेथे पकड सुटते. अर्थात 'एमएक्स-५' चे बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे. तेथे चुंबक धरत नाही म्हणून लांबी भरली आहे, असा निष्कर्ष काढल्यास फसगत होते. रंगाची जाडी मोजणारे उपकरण अधिक विश्वासार्ह ठरते. कारखान्यातील मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. आकडा कित्येक पटींनी वाढला तर तेथे लांबी आहे, असे धरून चालावे.

याशिवाय दोन्ही दारांच्या फटी सारख्या आहेत का, हे पाहावे. गालिचा उचलून ओल तपासावी. टपाच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतून ते मागच्या चाकाजवळ खाली पडते का, हे पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. पाणी खाली न आल्यास सिलविषयी शंका घ्यावी.

ब्रिटनमधील वार्षिक तपासणीचा नियम या बाबतीत उद्‌बोधक आहे. आसनपट्टा, सस्पेन्शन, स्टिअरिंग यांसारख्या भागांच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत भार पेलणारा पत्रा फार गंजलेला असेल, तर मोटार नापास होते. तेथील दुरुस्ती लांबी किंवा फायबर भरून केलेली चालत नाही. नवा पत्रा सलग वेल्डिंगने जोडावा लागतो. मूळ जोड ठिपक्यांच्या वेल्डिंगचा असेल तेथेच तशी मुभा मिळते.

कापणे आणि जोडणे

सिलचे काम सुरू करण्याआधी मोटारीचा आकार टिकवण्याची सोय करावी लागते. अनुभवी कारागीर दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी तात्पुरती जोडतात, फटींची मापे लिहून ठेवतात आणि मगच पत्रा कापतात. आधार न देता कापलेली उघडी मोटार लवते. त्याच अवस्थेत नवी सिल जोडली, तर तो वाकडेपणा कायमचा राहतो.

आगीचा धोकाही मोठा आहे. या मोटारीत पेट्रोलची टाकी आसनांच्या मागे, म्हणजे सडलेल्या भागापासून जवळच आहे. बॅटरी सामानाच्या डिकीत असते. बॅटरीच्या तारा सोडवणे, गालिचे व फोम काढणे, टाकीच्या बाजूला आडोसा करणे आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवणे, ही पूर्वतयारी सोडता येत नाही.

गंजलेला भाग चकाकता, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापतात. सिलमध्ये बाहेरचा आणि आतला असे थर असतात. आतला थर तसाच सोडून बाहेरून नवा पत्रा ठोकणे ही बाजारातील नेहमीची लबाडी आहे. योग्य पद्धतीत आधी आतला थर दुरुस्त होतो, जोडाच्या जागी जस्तयुक्त प्रायमर लागतो आणि मग बाहेरचा पत्रा बसतो. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा असल्याने वेल्डिंग तुकड्यातुकड्याने, जागा बदलत करावे लागते. एकाच ठिकाणी उष्णता साचली तर पत्रा फुगतो आणि त्याची लाट पुढे रंगातही दिसते.

पोचे आणि लांबी

साध्या पोच्यांसाठी पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हलक्या हातोडीने ठोकण्याची पद्धत आजही सर्वोत्तम मानली जाते. पत्रा जितका मूळ पातळीवर आणता येईल, तितकी लांबी कमी लागते. लांबीचा थर दोन ते तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. ती उरलेली किरकोळ असमानता भरण्यासाठी असते. भोक बुजवण्यासाठी तिचा उपयोग नाही. वाळलेली लांबी पाणी शोषते. म्हणून प्रायमर लागेपर्यंत ती कोरडीच घासावी. ओली घासलेली लांबी आतले पाणी पत्र्यापर्यंत नेते आणि काही महिन्यांत रंगाला फोड येतात.

घासण्याचे काम ८० क्रमांकाच्या जाड पॉलिश पेपरने सुरू होते आणि १२०, १८०, ३२० असे बारीक होत जाते. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून लाकडी ठोकळ्याने घासले, की खोलगट जागी काळे ठिपके उरतात. डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा या युक्तीने उघड होतो. बॉनेटचे ॲल्युमिनियम घासताना लोखंडावर वापरलेला कागद घेऊ नये. त्यातील लोहकण ॲल्युमिनियममध्ये रुतून नव्याने क्षरण सुरू होते.

फायबरग्लासच्या मोटारींचे गणित वेगळे असते. 'लोटस एलान'चे किंवा गोव्यात तयार झालेल्या 'सॅन स्टॉर्म' या दोन आसनी मोटारीचे कवच गंजत नाही. मात्र त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या मुळापर्यंत घासून, काचतंतू आणि रेझिन भरून बुजवल्या नाहीत, तर नव्या रंगातून पुन्हा वर येतात.

रंगाची पाळी

येथवर आल्यानंतर रंगाचा विचार करायचा. आधी ठरवावे, की संपूर्ण रंग खरोखरच हवा का. त्या काळातील अनेक साध्या लाल रंगांवर पारदर्शक क्लिअर कोट नसे. असा लाल रंग उन्हाने विटून गुलाबी पांढरट होतो. पण वरचा मृत थर पॉलिशने काढला, तर खालून मूळ लाली परत येते. पुरेसा थर शिल्लक असल्यास कित्येक मोटारींचे काम एवढ्यावरच भागते.

रंग द्यायचाच असेल तर मोटारीवरील पट्टीवर त्याचा क्रमांक सापडतो. त्या क्रमांकाचा रंग तंतोतंत मिळवला, तरी तो जुन्या रंगाशी जुळेलच असे नाही. कारण जुना रंग विटलेला असतो. म्हणून एकाच भागाची दुरुस्ती असली, तरी कुशल रंगारी नवा रंग शेजारच्या भागावर विरळ करत नेतो आणि क्लिअर कोट मात्र दोन्हींवर पूर्ण देतो. बंपर प्लास्टिकचे असल्याने त्यांना वेगळा प्रायमर आणि लवचीकपणा देणारे मिश्रण लागते. संपूर्ण मोटार रंगवायची तर दिवे, रबरे, कड्या उतरवणेच श्रेयस्कर. नुसत्या मास्किंग टेपवर भागवलेल्या कामाची कड पहिल्या एक-दोन वर्षांत सुटू लागते.

युरोपात १ जानेवारी २००७ पासून रंगातील बाष्पनशील द्रव्यांवर मर्यादा आली आणि मोटार दुरुस्तीसाठी पाण्यात मिसळणारे बेस कोट रूढ झाले. वरचा क्लिअर कोट मात्र आजही प्रामुख्याने हार्डनर मिसळलेला असतो. या हार्डनरमधील आयसोसायनेट हे ब्रिटनमधील व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. त्याचा सूक्ष्म फवारा डोळ्यांना दिसत नाही आणि फवारणी थांबल्यावरही काही काळ हवेत राहतो. साधा कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी ठरतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेचून घेणारी बंदिस्त खोली, ही किमान गरज आहे. घराच्या आवारात कंप्रेसर लावून हौसेने हे काम करू पाहणाऱ्यांनी पत्र्याची घासाघीस अवश्य स्वतः करावी. हा शेवटचा टप्पा मात्र सुसज्ज गॅरेजकडे सोपवावा.

रंग वाळल्यावर बहुतेकांच्या लेखी काम संपते. तरीही एक काम उरते. सिलच्या पोकळीत लांब नळीने मेणयुक्त द्रव फवारून आतून थर द्यावा लागतो. तसेच पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या साफ असल्याची खात्री करावी लागते. ज्या कारणाने पत्रा सडला ते कारण तसेच राहिले, तर नवी सिलही जुन्या सिलच्याच वाटेने जाते.

किती नवे करावे

अशा मोटारींना आज मान मिळू लागला आहे. खुद्द माझदाने २०१८ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या मोटारींचे पुनरुज्जीवन करण्याची योजना सुरू केली. टप, लाकडी स्टिअरिंग व्हील आणि त्या काळच्या धर्तीचे टायर यांची निर्मिती पुन्हा करण्यात आली. मात्र बहुसंख्य मालकांना खर्चाचा मेळ घालावा लागतो. दोन्ही सिल आणि संपूर्ण रंग यांचा खर्च अनेकदा मोटारीच्या किमतीला गाठतो. पैसा मर्यादित असेल तेव्हा तो आधी सिलवर खर्च करावा. विटलेल्या रंगाची, दारावर चार ओरखडे असलेली मोटार भक्कम असेल, तर ती निर्धास्तपणे चालवता येते. चकचकीत रंगाच्या, पण आतून सडलेल्या मोटारीबद्दल असे म्हणता येत नाही.

जुनी मोटार विकत घेणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. विक्रेत्याने नवा रंग दाखवल्यास रंगाआधीची छायाचित्रे मागावीत. कापलेला पत्रा, उघडी सिल, आतील नवा थर हे टप्पे त्यांत दिसायला हवेत. प्रामाणिकपणे काम केलेला मालक अशी छायाचित्रे जपून ठेवतो आणि आनंदाने दाखवतो. ती नसतील तर चुंबक, पेलाभर पाणी आणि दाराच्या फटी यांवर भरवसा ठेवावा.