संरक्षण-आदेश, कौटुंबिक हिंसाचारविषयक

घरातील व्यक्तीकडून शारीरिक, लैंगिक, मानसिक वा आर्थिक छळ सोसणाऱ्या स्त्रीच्या अर्जावरून, तो छळ थांबविण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याने काढलेला मनाई-हुकूम. भारतात या आदेशाचा आधार ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. घडून गेलेल्या कृत्याबद्दल शासन करणे हा या आदेशाचा हेतू नव्हे. पुढील कृत्य टाळणे आणि स्त्रीला तिच्या राहत्या घरात सुरक्षित ठेवणे, हा त्याचा उद्देश होय. पत्नीने कोठे राहावे याविषयी न्यायालये पूर्वीही हुकूम देत. परंतु त्या हुकुमांचा रोख निराळा होता. मुंबई व पुणे या शहरांशी निगडित असलेल्या काही घटनांवरून हा बदल कसा घडत गेला, ते स्पष्ट होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : स्त्रीच्या गृहजीवनातील दुःखाची उघड चर्चा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुषतुलना हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. या चर्चेला न्यायालयीन स्वरूप आले ते मुंबईतील रखमाबाई खटल्याने. बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदावयास जाण्याचे रखमाबाईंनी नाकारले, म्हणून पतीने १८८४ मध्ये दाम्पत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात मात्र तो निर्णय फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना महिन्याच्या आत पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगण्याचा हुकूम दिला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. पुण्याहून निघणाऱ्या केसरी व मराठा या पत्रांनी त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका केली. अखेरीस १८८८ मध्ये पतीला २,००० रुपये देऊन प्रकरण मिटले. हा खटला मारहाणीचा नव्हता. तथापि पत्नीची इच्छा नसताही तिला पतीच्या घरी धाडणे हे न्यायालयाचे काम आहे, ही तत्कालीन विधीची धारणा त्यातून प्रकट झाली.

विसाव्या शतकात ही धारणा सौम्य झाली. पतीच्या क्रौर्यामुळे एकत्र राहणे धोक्याचे झाल्यास हिंदू पत्नीला स्वतंत्र निवास व पोटगी मागण्याचा हक्क १९४६ च्या केंद्रीय कायद्याने मिळाला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. पुढे १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम देशभर लागू झाला. या सर्व उपायांत एक गोष्ट समान होती : छळ असह्य झाल्यास स्त्रीने घर सोडावे, हे त्यांत गृहीत होते. जिला माहेरचा आधार नाही वा स्वतःची मिळकत नाही, तिच्या दृष्टीने असा हक्क बहुधा कागदावरच राही. फौजदारी प्रक्रिया संहितेखालील पोटगीवर तर २००१ पर्यंत केंद्रीय कायद्यात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती [⟶ पोटगी]. पतीने केलेल्या साध्या मारहाणीची पोलीस ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंद होई आणि फिर्यादी स्त्रीला त्याच घरी परतावे लागे.

पुण्यातील घडामोडी : १९८२ च्या जून महिन्यात पुण्यात एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला. तिने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीस देहांताची शिक्षा दिली व उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु खून निःसंशय शाबीत होत नाही, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्याची निर्दोष मुक्तता केली (शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य). परिस्थितिजन्य पुराव्याविषयीची या निकालातील पाच तत्त्वे आजही आधारभूत मानली जातात. स्त्रीसंरक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. मृत व्यक्तीचे कथन पुराव्यात केव्हा घेता येते, याची या निकालपत्रात विस्तृत चर्चा आहे. म्हणजे स्त्रीने घरातील दुःखाविषयी लिहिलेल्या शब्दांचा बारकाईने विचार झाला, तो तिच्या मृत्यूनंतर. ती हयात असताना याच शब्दांवरून तिला तातडीने संरक्षण देऊ शकेल, अशी सोपी कार्यपद्धती तेव्हा उपलब्ध नव्हती.

या काळातील मृत्यूंनी पुण्यातील समाजमन हादरले. विद्या बाळ (१९३७–२०२०) व त्यांच्या सहकारी यांच्या पुढाकाराने नारी समता मंच उभा राहिला. ‘मी एक मंजुश्री’ या प्रदर्शनाने हा विषय गावोगावी नेला, तर ‘बोलते व्हा’ या केंद्राने स्त्रियांना मन मोकळे करण्यास जागा दिली. देशभरच्या अशाच चळवळींच्या रेट्याने १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ, तर १९८६ मध्ये हुंडाबळीविषयक कलम ३०४-ब समाविष्ट झाले [⟶ हुंडा]. (१ जुलै २०२४ पासून कलम ४९८-अ मधील तरतुदी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहेत.) १९८४ च्या अधिनियमाखालील महाराष्ट्रातील पहिले कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये पुण्यात सुरू झाले. तरीही एक उणीव कायम राहिली. फौजदारी कलमाने पतीला अटक होई. पण पत्नीच्या डोक्यावरील छप्पर टिकेलच, याची हमी नसे.

अधिनियम व त्यातील आदेश : इंग्लंडमध्ये व अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७६ मध्येच असे मनाई-हुकूम देणारे कायदे झाले होते. भारताने स्त्रियांविरुद्धचे भेदभाव दूर करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९३ मध्ये मान्य केला आणि दीर्घ चर्चेनंतर २००५ चा अधिनियम संमत झाला. त्याखाली न्यायदंडाधिकाऱ्याला पाच प्रकारचे आदेश देता येतात : संरक्षण-आदेश (कलम १८), निवास-आदेश (कलम १९), आर्थिक साहाय्य (कलम २०), मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) व नुकसानभरपाई (कलम २२). संरक्षण-आदेशाने उत्तरवादीस हिंसाचार करण्यास, स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी जाण्यास, तिच्याशी संपर्क साधण्यास, तसेच स्त्रीधन वा संयुक्त मालमत्ता विकण्यास आणि बँकेतील खाते वा लॉकर वापरण्यास मनाई करता येते. निकड असल्यास स्त्रीच्या शपथपत्रावरून एकतर्फी आदेशही निघतो (कलम २३). पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १२ सांगते. संरक्षण-आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १८८७ मध्ये घरी न जाणाऱ्या पत्नीपुढे कारावास उभा होता. आता तो आदेश मोडणाऱ्या उत्तरवादीपुढे उभा आहे.

विधिविषयक प्रश्न : अधिनियमाचा अर्थ लावताना प्रारंभी सर्वांत मोठा वाद ‘सामाईक घर’ या संज्ञेवरून झाला. सासूच्या मालकीच्या घरावर सुनेला हक्क सांगता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बात्रा खटल्यात ठरविले. सदनिका बहुधा सासऱ्याच्या वा सासूच्या नावावर असते, अशा पुण्यासारख्या शहरात या निर्णयाने अधिनियमाचा गाभाच पोकळ होण्याची भीती होती. २०२० मध्ये आहुजा खटल्यात तो निर्णय रद्द ठरला. घर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा स्त्री तेथे कुटुंबाची घटक म्हणून नांदत होती काय, हा निकष मान्य झाला. त्याच वर्षी वनिता खटल्यात, ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा उपयोग सुनेचा निवासहक्क डावलण्यासाठी करता येणार नाही, असे स्पष्ट झाले. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या स्वास्थ्याचाही विचार न्यायालयाने करावयाचा असतो; त्यामुळे पर्यायी निवासाची सोय हा अनेकदा मधला मार्ग ठरतो.

आदेश कोणाविरुद्ध मागता येतो, हा दुसरा प्रश्न. मूळ कायद्यात उत्तरवादी हा ‘सज्ञान पुरुष’ असावा अशी अट होती. मुंबईत उद्भवलेल्या हर्सोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते शब्द घटनाबाह्य ठरविले. स्त्रीविरुद्धही आदेश मागता येतो. मात्र तिला घराबाहेर काढण्याचा आदेश देता येत नाही. अधिनियमापूर्वीच्या वर्तनाचाही विचार करता येतो (२०१२), घटस्फोटितेला घटस्फोटापूर्वीच्या हिंसाचाराबद्दल दाद मागता येते (२०१४) आणि संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकाऱ्याला आदेश देता येतो (२०२२), हे निर्णयही स्त्रीच्या बाजूने महत्त्वाचे ठरले.

अंमलबजावणी : पुण्यात असे अर्ज प्रामुख्याने शिवाजीनगर येथील न्यायालयात चालतात, दाम्पत्याचा वाद कौटुंबिक न्यायालयात प्रलंबित असल्यास कलम २६ खाली हीच दाद तेथेही मागता येते. राज्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाचे मुख्य कार्यालयही याच शहरात आहे. अर्ज लिहिण्यास मदत करणे, अहवाल देणे, निवारा व वैद्यकीय उपचार मिळवून देणे ही कामे संरक्षण अधिकाऱ्याची असल्याने अधिनियमाचे यश पुष्कळसे या पदावर अवलंबून असते. देशात अनेक ठिकाणी हे पद रिक्त वा अतिरिक्त कार्यभाराचे राहिल्याने, ते भरण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये राज्यांना निर्देश द्यावे लागले. साठ दिवसांची मुदतही अनेकदा पाळली जात नाही. संरक्षणाच्या बाबतीत असा विलंब हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसतो. आदेशाची वाट पाहणारी स्त्री बहुधा त्याच घरात, त्याच माणसांत दिवस काढीत असते. तिचे म्हणणे ती हयात असताना आणि वेळीच ऐकले जावे, हे या कायद्याचे सार असून त्याची कसोटीही तीच होय.