सात नंबरचा खो

उमरग्यातलं एक मैदान, संध्याकाळचे साडेपाच. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न इथवर ऐकू येतात. मुलींचा खो-खोचा सामना रंगलाय आणि तुमच्या मांडीवर गुणपत्रक आहे. शिट्टी वाजते, गडी बाद. तुम्ही भराभर लिहिता : कोण बाद झाली, कुणी केली, किती वेळ पळून, सूर मारून की साध्या स्पर्शानं. पेपरात यातलंच उतरतं, नावापुढच्या कंसात मिनिटं आणि गडी. खो-खोपटू सारिका काळे याच धाराशिव जिल्ह्याची. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तिला. त्याआधी किती वर्षं तीही अशाच कंसांतून वाचकांना भेटत होती.

टाळ्या पडताहेत त्या गडी टिपणाऱ्या तीन नंबरला. तुमची नजर मात्र सात नंबरवर. पळणारीला खांबाकडे रेटत नेली तिनं, आणि सूर मारायचा मोह आवरून ऐन वेळी तीन नंबरच्या पाठीवर खो दिला. तीननं नुसतं उठून हात लावला. गुणपत्रकात याला रकानाच नाही. पेन तसंच हवेत राहतं, आणि ट्रकांचे हॉर्न एकदम थांबतात.

शिजलेल्या घेवड्याचा वास. रात्र आहे. १९७० च्या दशकातलं अमेरिकेतलं कॅन्सस, डबाबंद घेवड्याचा कारखाना. रखवालदार आहे बिल जेम्स. कारखान्यावर लक्ष ठेवता ठेवता तो बेसबॉलचे जुने धावफलक चाळतोय. तुम्ही मागून डोकावता. त्याच्या वहीत आकड्यांपेक्षा प्रश्नच जास्त. १९७७ मध्ये तो यातून ६८ पानांचं चोपडं काढेल आणि ते जेमतेम पाऊणशे लोक विकत घेतील. फलंदाजानं चार वाईट चेंडू सोडले की त्याला पहिला तळ फुकटात मिळतो. पण फलंदाजीच्या सरासरीत या संयमाची नोंदच नाही! म्हणजे इथंही रकाना नाहीच. तुम्हाला त्याला सात नंबरची गोष्ट सांगावीशी वाटते, पण खो-खो समजावायचा तर आठ जणींना पाटीवर बसवावं लागेल, आणि तो एकटा.

पान उलटतं तोच गर्दीचा गोंगाट. ४ सप्टेंबर २००२, ओकलंड. पंचावन्न हजारांवर माणसं. ओकलंड अॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचं पगाराचं बजेट सुमारे ४ कोटी डॉलर, न्यूयॉर्क यांकीजचं त्याच्या तिप्पट. महागडे तारे परवडेनात, म्हणून सरव्यवस्थापक बिली बीन आणि त्याचा सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी जेम्सच्याच वाटेनं आकडेवारीतून स्वस्तात मिळणारे गडी हेरले : जे तळावर पोचतात, मग कसे का पोचेनात. (मिगेल तेहादा आणि बॅरी झिटोसारखे हिरे संघात आधीपासूनच होते, ही गोष्ट सांगणारे ते सोयीनं विसरतात.) सलग १९ विजय झालेत. आज ११-० अशी आघाडी होती. ती कॅन्सस सिटीनं पुसून ११-११ केलीय. हा बिल जेम्सच्या घरचा संघ, गंमत बघा.

शेवटच्या डावात बदली म्हणून उतरतो स्कॉट हॅटबर्ग. कोपराची नस दुखावलेली, त्यामुळे यष्टिरक्षकासारखी जागा सुटलेली. इतरांनी मोडीत काढलेला गडी. ओकलंडनं त्याला घेतलं ते चेंडू सोडायची अक्कल आहे म्हणून. पहिला चेंडू येतो. तुम्ही श्वास धरता. तो सोडतो. दुसरा थेट प्रेक्षकांत. १२-११, विसावा विजय. सगळं मैदान त्या फटक्यासाठी नाचतंय. सोडलेला चेंडू एकट्या तुम्हालाच आठवतोय.

परतीच्या वाटेवर पुणं लागतं. बालेवाडी, तारीख तीच, ४ सप्टेंबर, साल २०२२. अल्टिमेट खो-खो लीगची पहिली अंतिम लढत. ओडिशा जगरनॉट्स तेलुगू योद्धाजला ४६-४५ नं हरवतात, सूरज लांडेच्या अखेरच्या क्षणांतल्या आकाशी सुरावर. बरोबरच आहे, असा सूर मारायला छाती लागते. पण तुम्ही आता वेगळं बघायला शिकलात : त्याला खो कुणी दिला?

पुन्हा हॉर्न. उमरगा. पेन अजून हातातच. गुणपत्रकाच्या समासात तुम्ही बाण काढता : ७ → ३. मग आणखी एक. ७ → ५. डाव संपेस्तोवर समासात बाणांची रांग लागते.

शिक्षक वाकून बघतात. "ह्ये काय वो? बाण कशाचे?"

तुम्ही कागद त्यांच्याकडं फिरवता. ते बोट ठेवून मोजतात. एकदा, मग परत एकदा.

"सात? तिला तर आज एक पोरगी आजारी पडली म्हणून खेळवलंय."

आणि मान वर करून, मैदानाच्या पार टोकाला बाटलीतलं पाणी तोंडावर मारणाऱ्या पोरीला हाक मारतात, "ए सात नंबर, हिकडं ये गं जरा."