खिरीचा सण, बिरड्याचा सण : इस्रायलमधील मराठी ताट

सणाला देवाचे वा ऋतूचे नाव असते, हा आपला नेहमीचा अनुभव. कोकणातील बेने इस्रायल समाजाने मात्र आपल्या काही सणांना थेट पदार्थांची नावे दिली. आश्विनाच्या सुमारास येणारा खिरीचा सण, मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळल्यानंतर येणारा बिरड्याचा सण, आठ दिवस आंबट पदार्थाचे भांडे बंद ठेवण्यावरून पडलेले ‘अनाशी ढाकाचा सण’ हे नाव. हिब्रू नावे या समाजाला बऱ्याच उशिरा कळली. तोपर्यंत दिनदर्शिकेचे काम स्वयंपाकघरानेच केले.

या ज्यूंचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी, आणि बोली मराठी. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनागृह १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी उभारले. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. सणांची जुनी मराठी नावे त्यात सापडतात.

या नावांमागे साधी व्यवहारबुद्धी आहे. खिरीचा सण ज्यू तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी येतो. कोकणात तेव्हा नवे धान्य हाती येऊ लागते, म्हणून नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर. बिरडे म्हणजे वालाची उसळ. अव महिन्याच्या नवमीचा उपास त्याच उसळीने सुटे. ‘पुरिम’ला होळीचा सण म्हणत, कारण दोन्ही सण पौर्णिमेच्या आसपास येतात. पुरणपोळी अनेक घरांत त्या दिवशीही होई. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासाला नाव होते ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशी दारे लावून सारे घरात राहात आणि परक्याचा स्पर्श टाळीत. दुसरा दिवस ‘शिळा सण’.

नववर्षाचा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकापासून होतो आणि तो तासन्‌तास ढवळावा लागतो. त्यात गाईचे दूध न घालता नारळाचे दूध घालतात. मांस व दूध एका जेवणात न घेण्याचा ज्यू नियम या निवडीने अलगद पाळला जातो. कोकणी नारळाने धर्मशास्त्राचा प्रश्न सोडवला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले. त्या सुमारास भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायल होते. नंतरच्या दशकांत बहुतेक तिकडे गेले आणि दिमोना, बीरशेबा, अशदोद, लोद, रामला अशा शहरांत वसले. स्वागत मात्र सर्वत्र सारखे झाले नाही. भेदभावाच्या तक्रारीवरून १९५१-५२मध्ये तेल अवीव येथे काहींनी धरणे धरले आणि त्यांतले बरेच जण भारतात परतले. पुढे धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका घेतली. दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४मध्ये संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. ज्यांचे ज्यूपणच तपासले जात होते, त्यांच्या ताटातील मराठीपणाकडे कोण कसे पाहात असेल?

या ताटाचा मानबिंदू म्हणजे मलिदा. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर मनुका, आणि भोवती पाच फळे. एलियाहू हनाबी म्हणजे संदेष्टा एलिया याच्या नावाने हे ताट मांडतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीवर येणाऱ्या फळाला दुसरे, सुगंधी पानाला तिसरे. मग प्रसाद वाटला जातो.

एलिया कोकणात रथातून आला आणि खडकावर खुणा उमटल्या, असे हा समाज मानतो. ते ठिकाण अलिबाग तालुक्यातील खंडाळे. मुंबई-पुणेकरांना खंडाळा म्हटले की घाट आठवतो आणि सातारकरांना पारगाव-खंडाळा. दोन्हींशी या कथेचा संबंध नाही. वृक्षांच्या नववर्षाला, ‘तू बिश्वत’ला, खंडाळ्याच्या खडकाशी मलिदा होतो. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी यावर पर्याय शोधला. हैफामध्ये कार्मेल डोंगरावर एलियाची गुहा आहे. तिथे मलिदा होऊ लागला. मूळ जागा दूर राहिली, पण व्यक्ती तीच.

आता तिथे भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत आणि पोहे पाकिटात मिळतात. खिरीच्या सणाचे नवे धान्य मात्र तसे मिळत नाही, कारण तांदूळ तिथल्या हंगामाचे पीक नाही. वल्हांडणाच्या आठवड्यात एक फरक अजून जाणवतो. पूर्व युरोपीय ज्यू परंपरेत त्या दिवसांत भात वर्ज्य, बेने इस्रायलांना तो चालतो. मिश्र विवाहाच्या घरात त्या आठवड्यात कोणाची चूल चालवायची, याचा निर्णय सासर-माहेर पाहूनच होतो. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या ‘मायबोली’ या इस्रायलमधील मराठी त्रैमासिकाने भाषा जपण्याचा प्रयत्न केला. नातवंडे हिब्रूत बोलतात, पण मलिद्याला मलिदाच म्हणतात.